दोन वेशींमधली वाट

खानदेशात जून महिना उजाडतो तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो. कापूस हिवाळ्यातच विकला गेलेला असतो. त्याचे आलेले दाम जुनी देणी, औषधपाणी आणि उन्हाळ्यात उरकलेले एखादे लग्नकार्य यांत सरून गेलेले असतात. आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी गाठीला जे काही राहिले असेल ते बियाण्यांच्या पाकिटांत व खताच्या गोण्यांत घालावेच लागते, कारण पेरणीची वेळ एकदा टळली की सारे वर्ष टळते. नेमक्या याच दिवसांत, बारावी उत्तीर्ण झालेल्या त्या घरच्या मुलापुढे वा मुलीपुढे महाविद्यालयाच्या प्रवेशाची मुदत येऊन उभी राहते. एकाच आठवड्यात शेत पैसा मागते आणि शिक्षणही पैसा मागते. शेताला नाही म्हणण्याची सोय नसते, म्हणून ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे उत्तर शिक्षणाच्या वाट्याला येते, आणि ते पुढचे वर्ष बहुधा कधीच येत नाही.

ज्या घराला शेतही नाही, त्या घरातला निर्णय याहूनही लवकर होऊन जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातील माहेरवाशिणी झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आणि त्याच सणाला सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांचे, वर्ष संपून नव्या वर्षाची बोली ठरते. परीक्षा मार्चमध्ये आटोपलेली आणि कॉलेज अद्याप दूर, अशा मधल्या काळात ही आखाजी येते. तेव्हा धडधाकट अठरा वर्षांच्या मुलाला रिकामे कशाला बसवायचे, या साध्या घरगुती हिशेबाने तो कोणाच्या तरी शेतावर, सुरतेच्या एखाद्या कारखान्यात किंवा बांधकामावर रुजू होतो, आणि मुलीच्या बाबतीत सोयरीक जुळवण्याची घाई सुरू होते. प्रवेशाची यादी लागेपर्यंत ज्याचे नाव तीत शोधायचे तो मुलगाच गावात राहिलेला नसतो.

आपल्याकडे निघालेल्या पाहुण्याला वेशीपर्यंत पोहोचवण्याची रीत आहे. शाळाही आपल्या विद्यार्थ्याला आपल्या वेशीपर्यंत पोहोचवते. शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या हाती दिला की तिचे कर्तव्य नियमाने संपते. महाविद्यालय त्याची वाट आपल्या वेशीवर पाहत असते. त्याचे नाव हजेरीपटावर चढले की तेथून त्या संस्थेचे कर्तव्य नियमाने सुरू होते. या दोन वेशींच्या मधली जी शंभर-सव्वाशे दिवसांची वाट आहे, ती कोणाच्याही हद्दीत येत नाही. सुशिक्षित घरातील मुलाला ती जाणवतही नाही, कारण त्याच्याबरोबर बाप, काका किंवा थोरली बहीण चालत असते. ज्याच्या घरातून महाविद्यालयाची पायरी आजवर कोणीच चढलेले नाही, त्याला ती एकट्याने चालावी लागते. वंचित मुले उच्च शिक्षणात का पोहोचत नाहीत आणि पोहोचली तरी का टिकत नाहीत, याचे उत्तर आपण कधी त्यांच्या बुद्धीत शोधतो, कधी त्यांच्या दारिद्र्यात; माझ्या मते त्या उत्तराचा फार मोठा अंश या बेवारस वाटेवर सांडलेला आहे, आणि तेथे त्यांना सर्वांत अधिक गरज असते ती जाणत्या माणसाच्या सोबतीची.

एके काळी ही वाट मैलांत मोजता येत असे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, परंतु खानदेशातील मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे तर पुणे, मुंबई किंवा बडोदे गाठण्यावाचून दीर्घकाळ गत्यंतर नव्हते. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जे पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. पण कला-विज्ञानाचे उच्च शिक्षण या भूमीत यायला १९४५ साल उजाडावे लागले, जेव्हा अमळनेरला प्रताप महाविद्यालय उभे राहिले आणि त्याच सुमारास जळगावला मूळजी जेठा महाविद्यालयाचा आरंभ झाला. स्वातंत्र्यानंतर परीक्षांचा आणि पदव्यांचा कारभार पुणे विद्यापीठाकडे गेला, आणि १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कुठे खानदेशच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ त्याच्या घराजवळ आले. २०१८ साली त्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. आज जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या तीनही जिल्ह्यांत तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे, आणि बहुतेक गावांहून तेथे जाणारी एस.टी. आहे.

मैलांचे अंतर असे तुटले. तरी उरलेले अंतर आकड्यांत दिसते. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार १८ ते २३ वर्षे वयोगटाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणातील नोंदणीचे देशातील प्रमाण २८.४ टक्के होते; अनुसूचित जातींत ते २५.९ टक्के, आणि अनुसूचित जमातींत २१.२ टक्के. खानदेशाला या शेवटच्या आकड्याचे महत्त्व विशेष आहे, कारण २०११ च्या जनगणनेप्रमाणे धुळे जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा ३१ टक्क्यांहून अधिक, आणि जळगावात सुमारे १४ टक्के आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत हे प्रमाण एकंदरीने ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरवले आहे. ते गाठायचे असेल तर जी मुले आजवर आली नाहीत, तीच आणावी लागतील. जी आपल्या आपण येतात त्यांच्या बळावर हा पल्ला पुरा होणारा नाही.

वाटेवरचा पहिला अडथळा कागदाचा असतो. शिरपूर, चोपडा, यावल किंवा रावेर तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. तिला जातीचा दाखला हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, अधिवासाचा दाखला हवा, आधारशी जोडलेले बँकेचे खाते हवे, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र हवे. तिच्या शेजारच्या गावातील इतर मागासवर्गीय मैत्रिणीला यांखेरीज नॉन-क्रिमीलेयरही हवे. एक कागद तहसीलदाराकडून मिळतो, दुसरा प्रांताकडून, तिसरा तपासणी समितीकडून. तलाठ्याची नोंद, पोलीस पाटलाचा जबाब, शाळेची नक्कल हे आणखी निराळे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत तर सामान्यतः ३१ मार्चला संपते, म्हणजे बारावीच्या शिष्यवृत्तीसाठी धडपडून मिळवलेला दाखला प्रवेशाच्या वेळी निरुपयोगी झालेला असतो, आणि ही गोष्ट तिला प्रवेशाच्या खिडकीपाशी उभी राहिल्यावर कळते.

जातीच्या दाखल्याची कथा याहून गहन आहे. आपले कुटुंब ठराविक तारखेपूर्वी महाराष्ट्रात वास्तव्यास होते आणि त्या जातीचे अथवा जमातीचे होते, असे पुराव्याने दाखवावे लागते; ही तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ अशी आहे. उत्तम पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदवहीतील उतारा. आता ज्या पणजोबाने शाळा कधी पाहिलीच नाही, त्याचा उतारा कोठून आणावयाचा? मग गाव नमुना चौदा, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची नोंद, शोधावी लागते. तीत मोडी लिपीतील एखादी ओळ सापडली तर ती वाचणारा शोधावा लागतो. जमिनीचा जुना कागद असेल तर उपयोगी पडतो, पण ज्यांच्या नावावर जमीन कधी झालीच नाही त्यांच्याकडे तोही नसतो. खोट्या दाव्यांपासून खऱ्या हक्कदाराचे रक्षण व्हावे, हा या तपासणीचा हेतू योग्य आहे आणि तो टिकलाच पाहिजे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले गेले त्यांनी आपली वंचितता अक्षरांनीच सिद्ध करावी, हा भार अठरा वर्षांच्या मुलीने एकटीने आणि तोही आठ दिवसांत वाहावा, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही.

दुसरा अडथळा पैशाचा. पण तो लोक समजतात तसा सरळ नाही. या देशात वंचित विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती देण्याचा उपक्रम १९४४ पासून चालत आलेला आहे. महाराष्ट्रात शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, आणि इतर मागास वर्गांसाठी अलीकडे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आधार योजना सुरू झाली आहे. निवास, भोजन आणि निर्वाह यांसाठी मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत, आणि लहान शहरांत त्याहून कमी, अशी रक्कम त्यांत ठरलेली आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ करण्याचा निर्णय २०२४ च्या जुलैत झाला. इतके सारे असता मुले का थबकतात? याचे कारण असे, की रक्कम ज्या वेळी मिळते ती वेळ आणि रक्कम ज्या वेळी लागते ती वेळ यांत महिन्यांचे अंतर असते. अर्ज ऑनलाइन भरायचा, महाविद्यालयाने तो तपासायचा, पुढे जिल्हा कार्यालयाने मंजूर करायचा, आणि मग तो पैसा खात्यात उतरायचा; खोलीचे डिपॉझिट, मेसचा पहिला महिना, पुस्तके आणि एप्रन ही मात्र पहिल्याच आठवड्याची देणी असतात. शासकीय वसतिगृहाची यादीही पुष्कळदा वर्ग सुरू झाल्यानंतर लागते. म्हणजे वर्षाच्या खर्चाला धनी असतो, पहिल्या महिन्याच्या खर्चाला नसतो. आणि पहिला महिना निभावला नाही तर वर्ष कोठून निभावणार?

मुलींच्या बाबतीत एक लहानशी वाटणारी गोष्ट येथे नोंदली पाहिजे. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून विनामूल्य मिळतो. बारावी झाली की तो संपतो, आणि विद्यार्थ्यांना दोन-तृतीयांश सवलत मिळाली तरी उरलेला तिसरा हिस्सा दर महिन्याला रोख भरावा लागतो. जी मुलगी काल बिनखर्चाने तालुक्याला जात होती, तिच्यासाठी आज, आणखी दूर जायचे असता, बापाला खिशात हात घालावा लागतो. ही रक्कम फार नसते, तथापि ‘आता पुरे झाले’ असे म्हणणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांना तेवढे निमित्त पुरते.

तिसरा अडथळा भाषेचा आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. धुळ्याच्या किंवा अमळनेरच्या बाजूच्या ज्या मुलाला घरून निघताना ‘कथा जाई ऱ्हायना?’ असे अहिराणीत विचारले जाते, आणि सातपुड्यातील जो मुलगा आईशी पावरीत बोलतो, त्या दोघांनाही प्रमाण मराठी ही शाळेत येऊन शिकावी लागलेली भाषा असते. ती कोठे जरा अंगवळणी पडते न पडते तोच अकरावीच्या विज्ञान शाखेत इंग्रजी येते, आणि पदवीच्या वर्गात ती अध्यापकाची, पुस्तकाची, प्रयोगवहीची व परीक्षेची अशी सर्वांचीच भाषा होऊन बसते. जो विषय त्या मुलाला समजलेला असतो तो त्याला बोलून दाखवता येत नाही. वर्गात प्रश्न विचारावा तर उच्चाराला कोणी हसेल ही धास्ती असते. आणि न विचारलेल्या प्रश्नांची थप्पी वाढत जाऊन अखेरीस ती नापास या शब्दाचे रूप घेते. वास्तविक अहिराणीत उणे असे काही नाही. जळगाव जिल्ह्यात बालपणी मजुरी करून पुढे भारतीय प्रशासकीय सेवेत गेलेल्या राजेश पाटील यांच्या आत्मकथनाचे नावच ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’ असे अहिराणीत आहे, आणि ते मराठी वाचकांनी आपलेसे केले. जी बोली ग्रंथाच्या मुखपृष्ठावर सन्मानाने मिरवते, तिच्यात वर्गात एक शंका विचारण्याची मुभा पहिल्या सहामाहीत देण्यास कोणाचे काय अडते?

यापुढचा अडथळा एकाकीपणाचा. आश्रमशाळेत किंवा गावच्या शाळेत सर्व मुले सारख्याच परिस्थितीतून आलेली असतात, आणि शिक्षकाला घराचे नाव-गाव ठाऊक असते. महाविद्यालयात तोच मुलगा शेकड्यांतला एक होतो. प्राचार्यांच्या दालनात कोणी जायचे असते आणि कार्यालयाच्या खिडकीवर कोणी, बोनाफाईड म्हणजे काय, ग्रंथालयाचे कार्ड कशासाठी, क्रेडिट म्हणजे गुण की आणखी काही, सबमिशनची तारीख चुकली तर कोणाला विनवायचे, हे शिकवण्याचा तास वेळापत्रकात नसतो. सुशिक्षित घरातील मुलाने ते जेवताना ऐकलेले असते. घरी दूरध्वनी करावा तर आई ‘बरा आहेस ना?’ एवढेच विचारू शकते. गणेशोत्सवाला घरी गेलेला मुलगा परत येत नाही, आणि कार्यालयात त्याच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो. तो गेला कोठे, हे विचारायला त्याच्या दारापर्यंत जाणारे कोणी नसते.

परंतु अशी माणसे खानदेशात होऊन गेलेली आहेत, आणि त्यांच्या कार्याचे स्मरण येथे केवळ कृतज्ञतेपोटी करावयाचे नाही, तर त्यातून पद्धत शिकावयाची आहे. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाला आणि छात्रालयाची जबाबदारी त्याच्याकडे आली. औंधला आणि पुण्याला त्याने स्वतः अत्यंत हलाखीत शिक्षण घेतले होते. परक्या गावात विद्यार्थ्याच्या पोटाला आणि मनाला काय लागते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडीपर्यंतच्या त्या सहा वर्षांत साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांची आईच्या मायेने देखभाल केली, आणि ‘छात्रालय’ नावाचे दैनिक आपल्या हाताने लिहून ते मुलांपुढे ठेवले. त्या हस्तलिखिताचा खर्च कागद आणि शाई एवढाच होता. त्यात ओतलेले लक्ष मात्र अमोल होते. घर सोडून आलेल्या मुलाला ‘तू येथे आहेस हे मला ठाऊक आहे’ असे दररोज सांगणारा कोणीतरी असणे, हेच त्या छात्रालयाचे सामर्थ्य होते.

महाराष्ट्राने ही जाणीव आणखी अनेक रूपांत प्रकट केली आहे. जुन्या काळी माधुकरी मागून आणि वार लावून जेवून मुले शिकली, पण ती सोय एका जातीपुरती होती. ती मर्यादा ओलांडून कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून विविध जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र दिले, आणि १९४७ साली साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ते उच्च शिक्षणापर्यंत नेले. ग्रामीण भागातून पुण्याला येणाऱ्या गरीब मुलांसाठी डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती काढली. जळगावात प्रा. यजुर्वेंद्र महाजन यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या दीपस्तंभ फाउंडेशनने ग्रामीण व आदिवासी मुलांना स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन देण्यापासून आरंभ केला, आणि पुढे ‘मनोबल’ या निवासी प्रकल्पात दिव्यांग व अनाथ मुलामुलींना आसरा आणि शिक्षण एकत्र दिले. यवतमाळमध्ये राजू केंद्रे यांनी २०१७ साली उभ्या केलेल्या ‘एकलव्य’ या संस्थेत, घरातून प्रथमच शिकणाऱ्या मुलांना नामांकित विद्यापीठांपर्यंत नेण्याचे काम, त्या वाटेने आधी गेलेले तरुण करतात. या सर्वांची साधने भिन्न आहेत, कोणी जेवण दिले, कोणी काम, कोणी खोली, कोणी सल्ला. पण मुलाला दारात सोडून कोणीही माघारी फिरले नाही.

साक्री तालुक्यातील सामोडे या गावी, एका भिल्ल कुटुंबात, वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेले डॉ. राजेंद्र भारूड यांचे उदाहरण खानदेशात घरोघरी सांगितले जाते. मोहाची दारू विकून आईने घर चालवले, झोपडी उसाच्या पाचटाची होती, आणि त्या झोपडीतून निघालेला मुलगा मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाला व पुढे भारतीय प्रशासकीय सेवेत प्रविष्ट होऊन नंदुरबारचा जिल्हाधिकारी झाला. ही कथा एका उडीची म्हणून सांगितली जाते, परंतु नीट पाहिले तर तीत पायऱ्या आहेत. गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांनी त्या मुलाचे पाणी ओळखून आईला त्याबद्दल सांगितले. प्राथमिक शाळेनंतरच तो अक्कलकुव्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात, म्हणजे राहण्या-जेवणासह शिकवणाऱ्या सरकारी शाळेत, दाखल झाला. आणि महाविद्यालयाची वेळ येईपर्यंत घरापासून दूर राहण्याची व अनोळखी लोकांत उभे राहण्याची सवय त्याला अनेक वर्षांची झालेली होती. त्यांच्या कर्तृत्वाला याने यत्किंचितही उणेपणा येत नाही. उलट, ज्यांना या पायऱ्या मिळाल्या नाहीत अशी किती कर्तबगार मुले त्याच तालुक्यातून वाटेतच राहिली असतील, हा विचार त्यामुळे मनाला अधिक बोचतो.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत शाळा संपवून, महाविद्यालयात जागा निश्चित होऊनही, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वर्गात न उगवणाऱ्या मुलांचा संशोधकांनी मागोवा घेतला तेव्हा अशांचे प्रमाण शंभरात दहा ते वीस इतके आढळले, आणि ती बहुतांशी गरीब घरांतील होती. ठराविक तारखांची आठवण करून देणारा संदेश आणि शंका विचारायला एक माणूस, एवढ्याने त्यांतील काही मुले परत वाटेला लागली. त्याच देशात डेबोरा बियाल यांनी १९८९ मध्ये पॉसी नावाची संस्था काढली, तिची रीत तर आपल्या वारीच्या दिंडीची आठवण करून देणारी आहे: ती एका महाविद्यालयात एकटा विद्यार्थी न पाठवता एकाच शहरातील सुमारे दहा जणांचा जथा पाठवते, आणि निघण्यापूर्वी त्यांना कित्येक महिने एकत्र बसवून एकमेकांची ओळख करून देते. दिंडीत चालणाऱ्याचे पाय थकतात, पण तो वाट सोडून परत फिरत नाही, कारण शेजारचा चालत असतो.

मग खानदेशात काय करता येईल? दाखल्यांचे काम अकरावीच्या वर्षी, हिवाळ्यात, शाळेतच हाती घ्यावे. तालुक्याच्या ठिकाणी एका दिवसाचे शिबिर भरवून तलाठी, सेतू केंद्राचा कर्मचारी, मोडी वाचणारा जाणकार आणि यावल वा धुळे येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचा प्रतिनिधी यांना एका छताखाली बसवले, तर जूनमधील धावपळ निम्म्याने कमी होईल. प्रत्येक उच्च माध्यमिक शाळेने बारावीच्या मुलांची यादी एका शिक्षकाच्या हाती सोपवावी, आणि त्याने आखाजीपूर्वी, निकालाच्या दिवशी आणि प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपूर्वी, असे तीनदा प्रत्येक घराशी बोलावे. महाविद्यालयांनी एकाच गावातील दोन-चार मुलांना शक्य तेथे एकाच तुकडीत व एकाच खोलीत ठेवावे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या त्यांच्याच भागातील विद्यार्थ्याला त्यांचा पाठीराखा नेमावे. ‘कमवा व शिका’ योजनेतील कामांत या कामाचीही गणना करावी, म्हणजे त्या पाठीराख्यालाही चार पैसे मिळतील. करोनाच्या काळात १ जुलै २०२१ पासून महाराष्ट्राच्या शाळांत ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम घेतला गेला होता. तसाच तीन आठवड्यांचा सेतू पदवीच्या प्रथम वर्षाला, इंग्रजी परिभाषा अहिराणी-पावरीच्या आधाराने उलगडून सांगणारा, का असू नये?

पहिल्या महिन्याच्या खर्चासाठी प्रत्येक महाविद्यालयात एक छोटा हातउसना निधी असावा. शिष्यवृत्ती जमा झाली की विद्यार्थ्याने तो परत करावा आणि तीच रक्कम पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या उपयोगी पडावी. केळी, कापूस आणि सोने यांच्या व्यापारावर समृद्ध झालेल्या या प्रदेशात एवढा निधी उभारणे अवघड नाही. ज्या व्यापाऱ्यांनी आणि गिरणीमालकांनी पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वी येथे महाविद्यालये उभी केली, त्यांच्या वारसांना ही भाषा परकी वाटू नये. आणि एक दिवस आईबापांसाठी राखावा. मुलगी ज्या वर्गात बसणार, ज्या वसतिगृहात झोपणार, ज्या बाईंच्या देखरेखीखाली राहणार, ते सारे तिच्या आईने डोळ्यांनी पाहिले, बाईंशी दोन शब्द बोलली, तर गावी गेल्यावर ती माउलीच त्या मुलीच्या शिक्षणाची सर्वांत खंबीर वकील होते.

ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली हे सारे घडायचे आहे, त्याचे नाव ज्यांच्यावरून ठेवले त्या बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या, आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या जे गात, ते त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि आप्तांनी उतरवून घेतले; १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या घरात कोणाच्या हाती लेखणी नसती, तर ती प्रतिभा आसोद्याच्या मातीतच विरून गेली असती आणि आपल्याला तिचे नावही कळले नसते. ज्या घरात लेखणी अद्याप पोहोचलेली नाही, त्या घरातील मुलासाठी ती धरून ठेवण्याचे काम आता विद्यापीठाचे, महाविद्यालयाचे, शाळेचे आणि आपले आहे.

ते नीट झाले की नाही, याची कसोटी निकालाच्या टक्केवारीहून साधी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी हजेरी घ्यावी, आणि जूनमध्ये पाड्यावरून आलेल्या त्या मुलीचे नाव पुकारावे. तिने ‘हजर’ म्हटले, तर बरेचसे साधले असे समजावे. आणि पुढच्या जूनमध्ये ती पाड्यावरच्या आणखी एका मुलीला बरोबर घेऊन एस.टी.तून उतरली, तर त्या वाटेला वारस मिळाला असे समजावे.